लाईट गेली आणि व्हर्च्युअलबॉक्समधलं विंडोज ७ उठेना: स्नॅपशॉटला हात लावायच्या आधी हे वाचा

राम राम दादा. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आणि पहिल्यांदा एवढंच सांगतो की आत्ता हा मेसेज वाचताना व्हर्च्युअलबॉक्स उघडं असलं तर बंद करा, आणि हे पूर्ण वाचून होईपर्यंत तिथं कुठलंच बटण दाबू नका.

तुमचं म्हणणं मला कळलं ते असं. खानापुरात प्रेस, मेन पीसीवर विंडोज १०, त्यात व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या आत ३२ बिटचं विंडोज ७, आणि त्यात पानं जुळवायचं पेजमेकर, डोंगलवालं (यूएसबीत किल्ली लावल्याशिवाय न चालणारं) जुनं फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि दहा-बारा वर्षांच्या लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, पावतीपुस्तकं सगळं. मागच्या आठवड्यात पावसात लाईट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच बसलेली, पीसी धाडकन बंद. तेव्हापासून ते व्हीएम चालू केलं की स्टार्टअप रिपेअर येतं, फिरत बसतं, रिस्टार्ट होतं, परत तेच. मग तुम्ही व्हीएमच्या डिस्कची मोठी व्हीडीआय फाईल बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करून मुलाच्या लॅपटॉपवर नवीन व्हीएम केलं, तिथं विंडोज मस्त चालू झालं, पण गेल्या दिवाळीपर्यंतचीच कामं दिसली, पुढचं काहीच नाही. आणि आता विचारताय की मेन पीसीवर दिवाळीचा स्नॅपशॉट (त्या वेळची मशीनची जपून ठेवलेली स्थिती) रिस्टोअर करू का सरळ विंडोज परत टाकू.

दोन्ही नको. तुमची दिवाळीनंतरची कामं बहुतेक सगळी शाबूत आहेत, ती लॅपटॉपवर दिसली नाहीत कारण ती त्या मोठ्या फाईलीत नाहीतच, वेगळ्या फाईलीत आहेत. आणि स्नॅपशॉट रिस्टोअर केला की नेमकी तीच वेगळी फाईल पुसली जाते.

हे नीट समजून घ्या, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निम्म्या केसमध्ये नुकसान लाईटनं नाही, लाईट गेल्यावर केलेल्या दुरुस्तीनं झालेलं असतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तुम्ही स्नॅपशॉट घेतला ना, त्या क्षणाला मूळ व्हीडीआय फाईल गोठली. त्यानंतर आतलं विंडोज जे काही लिहितं ते सगळं एका नवीन फाईलीत जातं, तिला डिफरन्सिंग इमेज म्हणतात, आणि ती व्हीएमच्या फोल्डरमध्ये 'स्नॅपशॉट्स' नावाच्या सबफोल्डरमध्ये असते, नाव म्हणजे महिरपी कंसात आकडे-अक्षरांची लांबलचक माळ, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. जुनी पोथी कुलूप लावून ठेवायची आणि पुढच्या सगळ्या नोंदी नव्या वहीत करायच्या, वाचताना दोन्ही एकत्र वाचायच्या, असा तो हिशोब आहे. तुम्ही मुलाच्या लॅपटॉपवर फक्त पोथी नेली, वही मेन पीसीवरच राहिली. म्हणून दिवाळी दिसली.

आता रिस्टोअर म्हणजे काय, तर वही फाडून टाका आणि दिवाळीपासून कोरी वही सुरू करा. तिथं एक टिकबॉक्स येतो, आत्ताच्या स्थितीचा पण स्नॅपशॉट घेऊ का म्हणून, पण घाईत माणूस तो काढतो नाहीतर वाचतच नाही. आणि डिलीट स्नॅपशॉट हे वेगळं आहे बरं का, त्यात वहीतलं पोथीत उतरवलं जातं, आत्ताची स्थिती तशीच राहते. नावावरून लोकांना उलटं वाटतं, डिलीट म्हणजे धोक्याचं आणि रिस्टोअर म्हणजे चांगलं. पण तुम्ही आत्ता डिलीट पण करू नका, कारण ते जोडायचं काम चालू असताना परत लाईट गेली तर दोन्ही फाईली अर्धवट राहतात.

२०१९ चा ऑगस्ट आठवत असेल तुम्हाला, बेळगावात पाणीच पाणी, निपाणीकडे हायवेवर पाणी येऊन गाड्या थांबलेल्या. त्या आठवड्यात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतून मला फोन आला. त्यांचं मेटल टेस्टिंगच्या रिपोर्टचं जुनं सॉफ्टवेअर एक्सपीच्या व्हीएममध्ये चालायचं, प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा, कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज किती, सगळं त्यात. लाईट सारखी ये-जा करत होती, व्हीएम निळं पडलं. मी म्हटलं उद्या पाऊस ओसरला की येतो, काही करू नका. तासाभरात सुपरवायझरचा परत फोन, "अण्णा, झालं बघा चालू, स्नॅपशॉट टाकला." मी गप्पच झालो. चार महिन्यांचे रिपोर्ट गेले होते. डिलीट झालेली फाईल परत मिळते का बघायला मी दोन दिवस बसलो, पण पीसीत एसएसडी होती आणि एसएसडीवर ट्रिम चालू असलं की पुसलेली जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते, अंडिलीट सॉफ्टवेअरला तिथं नुसते शून्य मिळतात. शेवटी त्यांच्या पोरांनी फाईलींमधले छापील रिपोर्ट काढून महिनाभर टाईप केले. त्या माणसाची काही चूक नव्हती ओ, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी हे एवढं लांबण लावून सांगतोय.

तर पहिलं काम कॉपी. व्हीएम बंद आहे ना बघा, व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत त्याच्याखाली 'पॉवर्ड ऑफ' किंवा 'अबॉर्टेड' लिहिलेलं असेल, लाईट गेल्यावर बहुतेक अबॉर्टेड असतं, घाबरायचं काही नाही. 'सेव्हड' लिहिलेलं असलं तर ती स्थिती डिस्कार्ड करू नका आधी. मग व्हर्च्युअलबॉक्स पूर्ण बंद करून तो अख्खा फोल्डर, म्हणजे तुमच्या युजरच्या फोल्डरमध्ये 'व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स' म्हणून असतो त्यातला तुमच्या मशीनच्या नावाचा फोल्डर, स्नॅपशॉट्स आणि लॉग्ज सकट, बाहेरच्या हार्डडिस्कवर. नुसती मोठी फाईल नाही, अख्खा फोल्डर. पेनड्राईव्हवर करत असाल तर एक बघा, पेनड्राईव्ह फॅट ३२ फॉरमॅटची असली तर ४ जीबीच्या वरची फाईल घेतच नाही, एनटीएफएस नाहीतर एक्सफॅट पाहिजे.

ही कॉपी होतानाच तुम्हाला एक मोठी गोष्ट कळते. कॉपी सुरळीत झाली तर खालची खरी हार्डडिस्क ठीक आहे. पण एखाद्या ठिकाणी अडकली, रीड एरर आला, पीसी घोगऱ्या आवाजात टकटक करायला लागला, तर थांबा तिथंच. मग प्रश्न विंडोज ७ चा नाहीच, खऱ्या डिस्कमध्ये बॅड सेक्टर आहेत, आणि परत परत कॉपी मारून ती आणखी खराब होते. अशा वेळी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून डीडीरेस्क्यूसारख्या टूलनं आधी चांगला भाग उचलायचा आणि मग खराब भागाकडे वळायचं. ते काम घरी करू नका. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून डिस्कची तब्येत आधीच बघून घेतलीत तर उत्तम, पिवळं किंवा लाल दिसलं की मला सांगा.

मी नेहमी पोरांना सांगतो की व्हीएम म्हणजे चार मजली घर आहे. सगळ्यात खाली खरा पीसी आणि त्याची डिस्क, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स आणि त्याची सेटिंगची फाईल, त्यावर व्हर्च्युअल डिस्कच्या फाईली, आणि सगळ्यात वर आतलं विंडोज. तडा वरच्या मजल्यावर दिसतो पण पाया खचलेला असू शकतो, म्हणून तपासणी खालून वर. लोक उलटं करतात, विंडोज उठत नाही म्हणून विंडोजची सीडी शोधतात, आणि खाली बघितलं तर सी ड्राईव्हवर जागाच शून्य असते. हे फार कॉमन आहे. व्हीडीआय डायनॅमिक असली की आत डेटा वाढेल तशी बाहेर फाईल फुगत जाते, आणि होस्टची, म्हणजे बाहेरच्या खऱ्या पीसीची, डिस्क भरली की व्हर्च्युअलबॉक्स व्हीएमला मध्येच पॉज करतं. तेव्हा तुमच्या मेन पीसीवर किती जागा मोकळी आहे तेवढं बघा.

दुसऱ्या मजल्याबद्दल थोडं. लाईट गेल्यावर कधीकधी व्हर्च्युअलबॉक्स उघडलं की मशीनच्या नावासमोर 'इनॲक्सेसिबल' येतं, सेटिंगच उघडत नाही. लोकांना वाटतं सगळं गेलं. खरं तर गेलेली असते ती काही केबीची सेटिंगची फाईल, जिच्या शेवटी डॉट व्हीबॉक्स असतं. लाईट गेली त्या क्षणी ती लिहिली जात होती म्हणून ती रिकामी पडते. शेजारीच त्याच नावाची, शेवटी डॉट व्हीबॉक्स हायफन प्रीव्ह असलेली फाईल असते, ती आधीची प्रत. खराब झालेलीचं नाव बदलून ठेवायचं, प्रीव्हवालीची कॉपी करून तिला मूळ नाव द्यायचं, बस, मशीन परत दिसतं. तुमच्याकडे मशीन दिसतंय, चालू पण होतंय, म्हणजे हा मजला ठीक आहे. आणि मशीनच्या विंडोत खाली हिरवं कासव दिसत असलं तर विंडोजचं स्वतःचं व्हीएम चालवायचं हायपर-व्ही आडवं आलंय म्हणून मशीन हळू चालतं, त्याचा तुमच्या रोगाशी संबंध नाही.

आता तिसरा मजला, आणि इथंच तुमचं खरं काम होणार आहे. मूळ फाईलींवर दुरुस्ती करायचीच नाही. पोथी आणि वही एकत्र करून एक नवीन सलग डिस्क बनवायची आणि जे काय करायचं ते तिच्यावर. व्हर्च्युअलबॉक्सच्या फाईल मेनूत 'व्हर्च्युअल मीडिया मॅनेजर' आहे, काही व्हर्जनमध्ये ते टूल्समध्ये मिडिया म्हणून मिळतं. तिथं तुमची मोठी व्हीडीआय दिसेल, तिच्या डावीकडच्या बाणावर क्लिक केलं की खाली तिची पिल्लं दिसतील, तीच महिरपी कंसातली नावं. सगळ्यात खालचं पिल्लू, जे आत्ता मशीनला जोडलेलं आहे, ते निवडा. खात्री करायची असेल तर मशीनच्या सेटिंगमध्ये स्टोरेजमध्ये कुठली फाईल लागलीय ते बघा, आणि स्नॅपशॉट्स फोल्डरमध्ये तिची तारीख लाईट गेली त्या दिवसाची किंवा त्यानंतरची असली पाहिजे. ते निवडून वर 'कॉपी' दाबा, प्रकार व्हीडीआय ठेवा, नाव द्या 'दुरुस्ती', आणि जागा असेल त्या ड्राईव्हवर ठेवा. ही कॉपी साधी फाईल-कॉपी नाही, व्हर्च्युअलबॉक्स पोथी-वही दोन्ही वाचून आजच्या स्थितीची एकच अखंड डिस्क तयार करतं आणि तिला नवीन ओळखक्रमांक म्हणजे यूयूआयडी देतं. वेळ लागतो, ६० जीबीला साध्या हार्डडिस्कवर अर्धा-पाऊण तास धरा, चहा घेऊन या.

हे करण्याऐवजी काही जण एक्सप्लोररमधून फाईल कॉपी-पेस्ट करून तीच व्हर्च्युअलबॉक्सला जोडायला जातात, मग यूयूआयडी आधीच आहे म्हणून एरर येतो, मग कुठंतरी वाचून मूळ फाईलीचा यूयूआयडी बदलतात. स्नॅपशॉट असलेल्या मूळ डिस्कचा यूयूआयडी कधीच बदलायचा नाही. वहीच्या पहिल्या पानावर पोथीचा नंबर लिहिलेला असतो, नंबर बदलला की वहीला पोथी सापडत नाही. तसंच मूळ डिस्क वेगळी नेऊन तिच्यातलं विंडोज चालू करायचं आणि मग ती परत जागेवर आणून ठेवायची हे पण करायचं नाही, कारण ती चालू झाली की तिच्यात काहीतरी लिहिलं जातं आणि वहीचा हिशोब बसत नाही. तुम्ही लॅपटॉपवर चालू केलीत ती कॉपी होती, मूळ नव्हे, म्हणून वाचलात. ती लॅपटॉपवरची फाईल मेन पीसीवर परत आणू नका फक्त.

'दुरुस्ती' डिस्क तयार झाली की विंडोजच्या आधी पत्रिका वाचवा. सेव्हन-झिप सगळ्यांकडे असतं, त्याचं आत्ताचं व्हर्जन टाका आणि त्यात ही व्हीडीआय फाईल सरळ झिपसारखी उघडा. आत पार्टिशन दिसतील, बहुतेक दोन, एक १०० एमबीचं छोटं आणि एक मोठं, मोठ्यात जा, तुमचे फोल्डर दिसतील. पेजमेकरच्या फाईली, फॉन्टचा फोल्डर, जे लागेल ते ओढून बाहेर घ्या. सेव्हन-झिप यात नुसतं वाचतं, काही लिहीत नाही, त्यामुळे धोका नाही. इथं दिवाळीनंतरच्या फाईली दिसल्या की तुमचं अर्धं टेन्शन गेलं. तरी नुसत्या फाईलींवर तुमचं भागणार नाही हे मला माहीत आहे. तुमच्याकडच्या पत्रिकेत वर कन्नड, खाली मराठी, आणि दोन्ही जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये, ती फाईल दुसऱ्या पीसीवर उघडली की अक्षरांच्या जागी नुसते कंस आणि चिन्हं. ते फॉन्ट, ते कीबोर्ड लेआउट, तो डोंगल आणि ते पेजमेकर सगळं एकत्र असलेलं हे एकच मशीन आहे तुमच्याकडे, म्हणून विंडोज परत टाका असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, परत टाकलं की त्या सगळ्याची जुळणी करण्यात पंधरवडा जाईल आणि सीझन हातचा जाईल.

आता वरचा मजला. नवीन व्हीएम बनवा, विंडोज ७, ३२ बिट निवडा, नवीन डिस्क करू नका, 'दुरुस्ती' डिस्क जोडा. सेटिंग जुन्या मशीनसारखीच ठेवा, विशेष करून दोन गोष्टी. जुन्यात डिस्क साटा कंट्रोलरवर होती का आयडीईवर (डिस्क जोडायचे हे दोन प्रकार) ते बघून तशीच लावा, आणि ईएफआयचा (बूट व्हायच्या नव्या पद्धतीचा) टिक जुन्यात नसेल तर इथं पण नको. कंट्रोलर बदलला की विंडोजला बूट होताना डिस्कचा ड्रायव्हर मिळत नाही आणि निळा स्क्रीन येतो, शेवटी ७बी असलेला कोड. एका वर्कशॉपमध्ये एक्सपीचं मशीन कुणीतरी फास्ट व्हावं म्हणून आयडीईवरून साटावर नेलं होतं, तीन जणांनी तीन दिवस विंडोज दुरुस्त केलं, आणि शेवटी सेटिंगमध्ये एक क्लिक करून ते चालू झालं. विंडोज मोडलंच नव्हतं.

मग ३२ बिटच्या विंडोज ७ ची आयएसओ (इन्स्टॉल सीडीची फाईल) व्हीएमच्या सीडी ड्राईव्हला लावून तिच्यावरून बूट करा. ६४ बिटची आयएसओ लावली तर रिपेअर तुमचं विंडोज घेत नाही, जुळत नाही म्हणून सांगतं, यात पण लोक अडकतात. भाषेच्या स्क्रीननंतर खाली 'रिपेअर युवर कॉम्प्युटर', त्यात स्टार्टअप रिपेअर सोडून कमांड प्रॉम्प्ट घ्या. स्टार्टअप रिपेअर तुमच्याकडे आधीच दहा वेळा फिरून झालंय, त्याच्या हातात असतं तर झालं असतं.

पुढच्या कमांड मी उच्चारानं लिहितोय, टाईप इंग्रजीतच करायच्या. आधी ड्राईव्हचं अक्षर शोधा, कारण रिपेअरमध्ये अक्षरं सरकतात. तुमचं नेहमीचं सी इथं बहुतेक डी असतं, आणि सी म्हणजे ते १०० एमबीचं छोटं पार्टिशन. डीआयआर स्पेस डी कोलन मारा, विंडोज आणि युजर्स फोल्डर दिसले की तेच. मग चेकडिस्क, म्हणजे सीएचकेडीएसके स्पेस डी कोलन, पहिल्यांदा बिनस्लॅशचं, त्यात ते नुसतं बघतं. रिपोर्ट मोबाईलवर फोटो काढून ठेवा. चुका दाखवल्या तर परत तेच, शेवटी स्पेस स्लॅश एफ लावून. स्लॅश आर लावायची गरज नाही, स्लॅश आर बॅड सेक्टर शोधतं, आणि व्हर्च्युअल डिस्कला खरे सेक्टरच नसतात, ते खाली होस्टवर असतात, तिथं तपासलं आपण मघाशी. दोन तास फुकट जातात.

माझ्या अनुभवात लाईट गेलेल्या केसमध्ये स्लॅश एफ झाल्यावर बरीच मशीन तिथंच उठतात. याचं कारण आहे. आतल्या विंडोजला वाटतं आपण डिस्कवर लिहिलं, पण ते खरं होस्टच्या मेमरीत पडून असू शकतं, खाली गेलेलं नसतं. व्हर्च्युअलबॉक्सच्या आयडीई कंट्रोलरवर तर गेस्टनं, म्हणजे आतल्या विंडोजनं, 'फ्लश कर, आत्ता लिही' असं सांगितलं तरी ते वेगासाठी सोडून दिलं जातं, आणि होस्टचा कॅश पण आयडीईला आपोआप चालू असतो, साटाला नसतो. म्हणून खऱ्या पीसीपेक्षा व्हीएमला लाईट जाणं जास्त लागतं, आणि एक्सपीवाल्या मशीनना सगळ्यात जास्त, कारण ती आयडीईवरच असतात. फाईलसिस्टमच्या नोंदी अर्धवट राहतात, चेकडिस्क त्या जुळवतं.

नाही उठलं तर स्क्रीनवर काय येतं त्यावरून पुढं. काळा स्क्रीन आणि नुसता कर्सर लुकलुकतोय, किंवा बूट मॅनेजर गायब म्हणतंय, तर त्याच कमांड प्रॉम्प्टवर बूटरेक स्पेस स्लॅश फिक्सएमबीआर, मग बूटरेक स्लॅश फिक्सबूट, मग बूटरेक स्लॅश रिबिल्डबीसीडी, त्यात विंडोज सापडलं, यादीत घेऊ का विचारलं की वाय. हे चेकडिस्कच्या आधी करू नका, फाईलसिस्टम वाकडी असताना बूटच्या नोंदी लिहून उपयोग नाही.

आणि जर शेवटी १४सी असलेला कोड आला, किंवा कॉन्फिग फोल्डरमधली सिस्टम नावाची फाईल खराब आहे असं म्हणालं, तर रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंगची नोंदवही, गेलीय. लाईट गेल्यावर हा दुसऱ्या नंबरचा रोग. विंडोज ७ मध्ये एक चांगली सोय आहे, ते स्वतःच दर काही दिवसांनी रजिस्ट्रीची प्रत विंडोज, सिस्टम३२, कॉन्फिग, त्यात रेगबॅक या फोल्डरमध्ये ठेवतं. तिथं जाऊन फाईलींची साईझ आणि तारीख बघा, शून्य नसली पाहिजे. कॉन्फिगमधल्या सिस्टम फाईलीचं नाव बदलून सिस्टम डॉट ओल्ड करा आणि रेगबॅकमधली सिस्टम तिथं कॉपी करा. पाचही फाईली एकदम बदलू नका, आधी जी खराब म्हणतंय तीच. विंडोज १० वाल्यांनी हे वाचून आशा धरू नये, १८०३ व्हर्जनपासून तिथं हा फोल्डर आपोआप भरत नाही, शून्य केबीच्याच फाईली दिसतात.

विंडोज चालू झालं पण एखादी डीएलएल (विंडोजची सिस्टम फाईल) नाही म्हणतंय, एक्सप्लोररच पडतंय, तर त्याच रिपेअरमधून एसएफसी स्पेस स्लॅश स्कॅननाऊ, पुढं स्पेस स्लॅश ऑफबूटडिर इज इक्वल टू डी कोलन बॅकस्लॅश, आणि स्पेस स्लॅश ऑफविनडिर इज इक्वल टू डी कोलन बॅकस्लॅश विंडोज. हे बंद पडलेल्या विंडोजच्या सिस्टम फाईली तपासून बदलतं. नेटवर जिथं तिथं सांगितलेलं डिस्मचं रिस्टोअरहेल्थ विंडोज ८ पासून पुढं आहे, ७ ला ते चालत नाही, त्यात वेळ घालवू नका.

यातली कुठलीही पायरी चुकली, वाटलं की आणखी बिघडलं, तर 'दुरुस्ती' डिस्क पुसा आणि मॅनेजरमधून परत कॉपी काढा. खऱ्या पीसीवर ही सोय नसते, एकदा चुकलं की चुकलं. इथं पेशंटच्या दहा प्रती काढता येतात.

जाता जाता लिनक्सवाल्यांसाठी, कारण गावातल्या एक-दोन सोसायट्यांमध्ये सर्व्हर केव्हीएमवर (लिनक्सवर व्हीएम चालवायची सोय) आहेत हे मला माहीत आहे. तिथं डिस्कची फाईल क्यूकाऊ२ प्रकारची असली तर आधी मशीन बंद करून क्यूईएमयू-आयएमजी चेक मारा, ते फाईलीचीच तपासणी करतं, दुरुस्तीचा पर्याय कॉपीवरच वापरा. मग व्हर्ट-रेस्क्यूनं आत जाऊन फाईलसिस्टम ईएक्सटी४ असेल तर एफएससीके, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-रिपेअर. आणि इमर्जन्सी मोडमध्ये येऊन थांबलं तर फाईलसिस्टम सोडून एफएसटॅब (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) पण बघा, काढून टाकलेल्या डिस्कची ओळ तिथं राहिली असली तरी बूट तिथंच थांबतं. चालू असलेल्या मशीनच्या डिस्कला बाहेरून लिहिण्यासाठी उघडलं तर चांगली डिस्क पण जाते, एवढं एक पक्कं.

दादा, तुमचं मशीन उठलं की लगेच पत्रिका करायला बसू नका. आधी डोंगल घालून बघा, नवीन व्हीएम असल्यामुळे सेटिंगमध्ये यूएसबीत त्याचं फिल्टर परत टाकावं लागेल, नाहीतर फॉन्टचं सॉफ्टवेअर लॉक मिळत नाही म्हणेल आणि तुम्हाला वाटेल की ते पण मोडलं. दिवाळीनंतरच्या चार-पाच पत्रिका उघडून कन्नड आणि मराठी दोन्ही अक्षरं नीट येतात का बघा, जोडाक्षरं विशेष. एक प्रिंट काढा. सगळं ठीक असलं की आतून विंडोज शटडाऊन करा, आणि तो बंद झालेला फोल्डर बाहेरच्या डिस्कवर. हा तुमचा पहिला खरा बॅकअप. स्नॅपशॉट बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर, त्याच फोल्डरमध्ये राहतो, डिस्क गेली की दोन्ही जातात. अपडेट मारायच्या किंवा नवीन सॉफ्टवेअर टाकायच्या आधी स्नॅपशॉट घ्या, चार दिवस बघा, ठीक असलं की डिलीट करून एकत्र करा. आठ महिने वही तशीच लांबवत ठेवू नका. आणि शनिवारी प्रेस बंद करताना फोल्डर कॉपी, दोन हार्डडिस्क आलटून पालटून, एक प्रेसमध्ये, एक घरी.

यूपीएसची बॅटरी याच आठवड्यात बदला. बॅटरी नवी असली तरी लाईट गेल्यावर पत्रिका पूर्ण करत बसायचं नाही, सेव्ह करून आधी आतलं विंडोज शटडाऊन, मग बाहेरचं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे रोजचंच आहे, प्रेसमध्ये जो मुलगा बसतो त्याला पण दाखवून ठेवा.

आता मला तीन गोष्टी पाठवा. स्नॅपशॉट्स फोल्डरचा फोटो, फाईलींच्या साईझ आणि तारखा दिसतील असा. मीडिया मॅनेजरमध्ये बाण उघडून पिल्लं दिसतायत त्याचा फोटो. आणि बिनस्लॅशच्या चेकडिस्कनं शेवटी काय लिहिलं ते. कॉपीला लावून ठेवलंत की रात्री नऊनंतर फोन करा, मी घरीच असतो, पुढचं बरोबर बसून करू.